प्रीमियम बाई आणि सदतीस नावं

बाबांच्या डोळ्यांतला काचबिंदू कडेकडेनं आत सरकत आला. आधी पानाचा समास गेला, मग ओळींची टोकं गेली, मग ओळीच गेल्या. तीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसानं रामदासपेठेतल्या डॉक्टरांना आपली तक्रार तशीच सांगितली. म्हणाले, "आता मधातला एकच कॉलम उरला, डाक्टरसाहेब." दोन वर्षांत तो कॉलमही गेला. आता त्यांना खिडकी कुठे आहे ते कळतं आणि दारात कोणी उभं राहिलं तर तेवढं कळतं.

छापखाना बंद पडला, डोळे गेले, तरी एक काम त्यांनी सोडलं नाही. आमच्या वस्तीतून निघणारं प्रत्येक पत्रक बाबांनी तपासून "छापा" म्हटल्याशिवाय घराबाहेर जात नाही. विहाराच्या कार्यक्रमाचं असो, नळाला पाणी येत नाही म्हणून असो, दसऱ्याला मैदानावर वाटायचं असो, शेवटचा शब्द बाबांचा. त्यांनी एकदा स्पष्टच सांगितलं होतं, "ज्या दिवशी मले न तपासता 'छापा' म्हणा लागन, त्या दिवशी हे काम बंद." ते गमतीत म्हणाले नव्हते. घरातल्या कोणालाही तो दिवस यायला नको होता, म्हणून घरात बाई आली.

बाई म्हणजे फोनमधलं मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याची बेसिक आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात एकच आवाज आहे, आणि तो दहावीच्या परीक्षेत सूचना वाचून दाखवणाऱ्या पर्यवेक्षिकेचा आहे. बाई जे दिसेल ते वाचते. पानाचा आकडा वाचते, मुद्रकाचा पत्ता वाचते, परिच्छेदांमध्ये मी शोभेसाठी तीन चांदण्या टाकल्या तर "तारा तारा तारा" असं वाचते. स्वल्पविराम आला की "स्वल्पविराम" म्हणते आणि क्रांती आली की त्याच सुरात "क्रांती" म्हणते. दर दहा मिनिटांनी ती असेल तिथे थांबते, वाक्याच्या मध्येसुद्धा, आणि सांगते, "अखंड आनंदासाठी आजच प्रीमियम व्हा." तिच्या आवाजात जीव येतो तो फक्त या एका वाक्याला. दिवसाचा अर्धा तास संपला की ती उद्यापर्यंत मुकी.

आईला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. जेवायला वाढताना कोणी मध्येच अखंड आनंदाचं बोलू लागलं की तिचा हात दचकतो. मला ती आवडली नाही कारण ती मला भीक मागणारी आणि भीक नाकारणारी एकाच वेळी वाटायची. बाबांना मात्र ती फार आवडली.

त्याला कारण होतं. छापखान्यात प्रुफं तपासताना एक माणूस मूळ प्रत मोठ्यानं वाचतो आणि दुसरा छापील कागदावर नजर ठेवतो. बाबांच्या छापखान्यात हे वाचायला एक निवृत्त मास्तर होते. लग्नपत्रिका, लेटरहेड, श्रद्धांजली, मोर्च्याचं पत्रक, सगळं एकाच सुरात. वाचताना चिन्हंही वाचायचे. बाबा सांगतात की एकदा मास्तरांनी स्वतःच्या नातवाच्या नामकरणाची पत्रिका वाचली तीही तशीच, नातवाच्या नावापुढे "पूर्णविराम" म्हणून. बाबांच्या मते असा वाचणारा नशिबानं मिळतो. "ज्याले मजकूर आवडते, त्याले चुका दिसत नाई," हे त्यांचं छापखान्यातून आणलेलं एकमेव तत्त्वज्ञान. बाईला मजकूर आवडत नाही, न आवडत नाही. म्हणून ती कामाची.

मी वाचून दाखवते म्हटलं होतं. एक महिना वाचलंही. पण मी प्रत्येक वाक्याशी भांडते. "हे फार मवाळ आहे, बाबा," असं म्हणून मी थांबते, आणि जिथे चूक असते तिथे मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जाते. आई वाचते, पण तिला मध्येच गॅस आठवतो. महिन्याभरात बाबांनी आम्हा दोघींना नम्रपणे कामावरून काढलं आणि बाईला ठेवलं.

माझं भांडणं कुठून आलं हेही सांगितलं पाहिजे. मी पत्रकांवर वाढले, आणि हे अगदी शब्दशः. बिघडलेल्या पत्रकांचे ताव बाबा घरी आणायचे, आई त्यांना दाभणानं शिवून माझ्या वह्या करायची. माझ्या पाढ्यांच्या मागे निषेध छापलेला असायचा. बे एके बे उलटून पाहिलं की प्रशासनाला जाब. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबांची एक ओळ असे: वाचून झाल्यावर फेकू नका, शेजाऱ्याला द्या. मला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्याच छापील कागदांच्या तळाशी ही ओळ असते. शाळेत पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती सापडली नाही तेव्हा मला पुस्तक फाटलेलं वाटलं.

आणि एक कागदाची गोष्ट. मी सातवी-आठवीत असताना एका मोठ्या सभेचं पत्रक बाबांकडे आलं. आयोजकांनी निरोप पाठवला की स्टेजवरच्या पाहुण्यांसाठी पन्नास प्रती गुळगुळीत जाड कागदावर काढा, बाकीच्या नेहमीच्या पिवळट. बाबांनी सगळ्या पिवळट काढल्या. आयोजक घरी येऊन बसले, चहा प्यायले, पुन्हा समजावलं. बाबा म्हणाले, "स्टेजवरच्याले आन् सायकलवरच्याले एकच कागद." आयोजकांनी पुढचं काम दुसरीकडे दिलं. आमच्या घरी त्या दिवसाला अजूनही पिवळ्या कागदाचा दिवस म्हणतात. तर अशा घरात पत्रकाची प्रीमियम आवृत्ती हा विचार कोणाच्या मनाला शिवला नसता.

तसा विचार शिवला आमच्या अभ्यासिकेच्या समितीला.

विहाराच्या मागे आमच्या वस्तीची अभ्यासिका आहे. माझ्या जन्माआधी वस्तीतल्या सदतीस घरांनी रविवारचे रविवार राबून ती बांधली. कोणी विटा वाहिल्या, कोणी गिलावा केला. गवंडी घरचा, सुतार घरचा. बांधून झाल्यावर बाबांनी एक पत्रक काढलं आणि त्यात सदतीस घरांची नावं छापली, गल्लीतल्या घरांच्या क्रमानं. तीच यादी दगडावर कोरून दारापाशी बसवली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या वस्तीतल्या दोन पिढ्या त्या दगडाशेजारी चपला काढून आत गेल्या. मीही गेले.

यंदा उन्हाळ्यात समितीनं अभ्यासिकेचं नूतनीकरण केलं. भिंतींना चकचकीत पॅनेल लागलं आणि नावांचा दगड पॅनेलच्या मागे गेला. मग दारावर सूचना लागली. अभ्यासिकेत यापुढे दोन प्रकारची आसनं राहतील. सामान्य आसन म्हणजे हॉल, पंखा, बाक. प्रीमियम आसन म्हणजे काचेची केबिन, एसी, चार्जिंगची सोय, लॉकर, आणि, सूचनेतले शब्द जसेच्या तसे देते, "पिण्याच्या थंड पाण्याची स्वतंत्र व्यवस्था." म्हणजे दोन पाणी. ज्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना एका पाण्यासाठी काय काय करावं लागलं हे समितीतल्या प्रत्येकाला पाठ आहे, जयंतीच्या दिवशी तेच त्यावर भाषणं करतात, त्या समितीच्या हाताला "स्वतंत्र व्यवस्था" लिहिताना कंपही सुटला नाही. अक्षर अगदी सुरेख आहे.

बाबांना मी सूचना वाचून दाखवली.  ते म्हणाले की महिनाअखेरच्या रविवारी समितीची सर्वसाधारण सभा आहे, त्याच्या आत पत्रक पाहिजे. मजकूर या वेळी मी लिहायचा. जुन्या पत्रकातली सदतीस नावं शेवटी जशीच्या तशी द्यायची, कारण दगड आता दिसत नाही आणि ही जागा कोणाची हे विचारणाऱ्याला दाखवायला दुसरं काही उरलेलं नाही. तपासतील ते.

मी लिहिलं. चार दिवस लिहिलं. जीव ओतून लिहिलं. आणि बाबांच्या आधी मी ते बाईकडून ऐकलं, तर ते नळाच्या थकबाकीची नोटीस वाटलं.

इथे माझा दादा येतो. तो मौद्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर आहे आणि मनीषनगरात फ्लॅटमध्ये राहतो. दादा चांगला आहे, पण त्याच्या आयुष्यात बेसिक असं काही उरलेलं नाही. त्याचं पाण्याचं फिल्टर प्रीमियम आहे, जिमचं कार्ड गोल्ड आहे, आणि त्याच्या गाडीच्या विम्याच्या नावात 'प्लस' दोनदा येतं. बाई अर्ध्या वाक्यात थांबते हे त्याला आईकडून कळलं तेव्हा त्याचा मला फोन आला. "बाबाले बेसिकवर ठेवलं तू? सख्ख्या बापाले?" असं त्यानं ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात लोक म्हाताऱ्यांना उपाशी ठेवणाऱ्यांबद्दल बोलतात. मी त्याला पिवळ्या कागदाची आठवण करून दिली. तो म्हणाला की पिवळा कागद काही अर्ध्या ओळीत थांबत नव्हता. यावर मी तत्त्व या विषयावर दहा मिनिटं बोलले. दहा मिनिटांनी त्यानं फोन ठेवला. बाईची सवय त्यालाही लागलेली दिसली.

पैसे तो भरणार होता. बटण फक्त मला दाबायचं होतं. आणि ते पान. दोन आवृत्त्यांची तुलना करणारा तो तक्ता ज्यानं बनवला त्याला माणसाची लाज कुठे असते हे नेमकं माहीत आहे. डावीकडे बेसिकचा राखाडी रकाना, त्यात वरपासून खालपर्यंत लाल फुल्या, नापास मुलाच्या उत्तरपत्रिकेसारख्या. उजवीकडे प्रीमियमचा रकाना, हिरव्या खुणांनी लगडलेला, वर फीत: "तुमच्यासारख्यांसाठी." बाई स्वल्पविराम वाचते, एकही शब्द गाळत नाही, हा तिचा गुण तक्त्यात कुठेच नव्हता. खाली दोन बटणं. मोठं जांभळं: "हो, मला उत्तमच हवं." आणि त्याखाली, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही असं: "नको, मी मर्यादांमध्येच राहीन." म्हणजे नकार द्यायचा तर तो स्वतःचा अपमान करूनच द्यायचा, स्वतःच्या बोटानं. मी आठवडाभर रोज ते बारीक बटण दाबलं आणि दर वेळी मोर्च्यात चालल्यासारखी ताठ झाले.

मग मी सात दिवसांची मोफत चाचणी घेतली. केवळ टीका करता यावी म्हणून.

प्रीमियममध्ये बारा आवाज आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे: आपुलकी, ऊर्जा, विश्वास, शांतता वगैरे. 'आपुलकी'नं माझ्या पत्रकातला "धिक्कार" शब्द असा उच्चारला की कोणी संत्रा बर्फीची बशी पुढे करतंय. 'विश्वास' हा आवाज कर्ज देणाऱ्या माणसाचा आहे. इथवर माझी टीका मजेत चालली होती. मग मी 'ऊर्जा' लावला. आणि त्या आवाजानं माझं पहिलं वाक्य वाचलं, नेमक्या जागी थांबलं, श्वास घेतला, जो श्वास त्याला नाही, आणि दुसरं वाक्य असं काही उचललं की माझ्या अंगावर काटा आला. मी माझं पत्रक चार वेळा ऐकलं. पाचव्या वेळी खिडकी लावून घेतली, शेजारी ऐकतील म्हणून. नोटीस वाटणारा तोच मजकूर आता इतिहास वाटत होता. मी जांभळं बटण दाबलं. हो, मला उत्तमच हवं.

बाबांना सांगितलं की दादाचा फार आग्रह होता.

आता दुसरी गोष्ट, जी मी त्या वेळी कोणालाच सांगितली नाही. जुन्या पत्रकातून नावं टाइप करताना एक नाव माझ्याकडून सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं. समितीचे आताचे अध्यक्ष आमच्याच गल्लीतले. त्यांच्या आईचं नाव त्या सदतीस नावांमध्ये होतं. नवरा नसलेली बाई, घरातून एकटीच यायची, डोक्यावरून वाळू वाहायची. ज्याच्या सहीनं दोन पाणी झाली त्याचं आडनाव माझ्या पत्रकात, माझ्या 'ऊर्जा'भरल्या मजकुराखाली, सन्मानानं यावं हे मला सहन होईना. मी ती ओळ गाळली. छत्तीस. कोण मोजतंय?

आणि प्रीमियमनं माझी सोयच केली. त्यात "हुशार वाचन" नावाची एक सोय आहे. लांबलचक याद्या, आकडे, तळटीपा अशी कंटाळवाणी सामग्री ती आपणहून आटोपशीर करते. चाचणीच्या पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं की नावांची यादी आली की 'ऊर्जा' पहिली दोन नावं वाचतो आणि म्हणतो, "आणि इतर कुटुंबं." ही सोय बंद करायचं बटण आहे. मला ते सापडलंही होतं. मी बंद केलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाबा खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर, मान जराशी डावीकडे, छापखान्यात बसत तसे. आई शेंगा सोलत बसली. मी 'ऊर्जा' लावला. मजकूर संपेपर्यंत बाबांचा चेहरा हलला नाही, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते हे त्यांना दिसत नव्हतं. आईच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलं.

मग यादी आली. दोन नावं, आणि इतर कुटुंबं. मग सुंदर, सूचक शांतता.

"काहून वं, आटोपलं?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, हो, आटोपलं.

"हे 'इतर' कोणं लिहिलं?"

मी सांगितलं की ते लिहिलेलं नाही, कागदावर सगळी नावं आहेत, हा आवाज हुशार आहे, याद्या थोडक्यात सांगतो, ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून. हे सांगताना माझा आवाज थोडा 'आपुलकी'सारखा झाला.

बाबांनी मान हलवली. म्हणाले की पस्तीस घरांचा ज्याला कंटाळा येतो त्याला यातून उठवा, आणि बाईला बोलवा.

मी म्हटलं, बाबा, मजकूर तर ऐकला तुम्ही, नावं मी स्वतः टाइप केलीत.  त्यांनी फक्त हात गुडघ्यावरून उचलला आणि बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवला, मोजायच्या तयारीत.  दादाच्या प्रीमियम खात्यातून बाहेर पडून मी बाईला बोलावलं. ती आली, तोच सूर. सुरुवातीपासून सगळं वाचलं तिनं, माझा सगळा इतिहास परत नोटीस करून टाकला, दोनदा मध्येच थांबून आम्हाला अखंड आनंदाचं आमंत्रण दिलं. दोन्ही वेळा बाबा तसेच बसून राहिले, फाटकापाशी मालगाडी जायची वाट बघत थांबतात तसे. मग ती नावांवर आली. एक नाव, स्वल्पविराम. एक नाव, स्वल्पविराम. बाबांचा अंगठा पेरांवरून सरकत होता. मला त्या यंत्राचा इतका राग कधी आला नव्हता.

अकराव्या नावानंतर अंगठा थांबला.

"थांबव तिले." मी थांबवलं. "शिंप्याच्या घरानंतर ही सरळ चुनाभट्टीवाल्यावर कशी गेली? मधातलं घर कुठी गेलं?"

त्यांना नावं नाही, गल्ली पाठ होती. ते यादी ऐकत नव्हते, तीस वर्षांपूर्वीच्या गल्लीतून चालत होते, आणि एका दारापुढे त्यांना दार सापडलं नाही.

मी म्हणू शकले असते की टाइप करताना राहिलं. आईनं शेंगांवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तिला माझा चेहरा दिसत होता. मी सांगितलं. का गाळलं तेही सांगितलं, आणि सांगता सांगता मला माझ्या बाजूची वाक्यं सुचत गेली आणि ती मी बोलतही गेले. त्या माणसानं दोन पाणी केली. त्याचं घर या यादीत ठेवायचं म्हणजे त्याच्या हातात प्रमाणपत्र देणं. पत्रकानं बाजू घेतली पाहिजे, बाबा, तुम्हीच शिकवलं. वाक्यं चांगली होती. 'ऊर्जा'नं वाचली असती तर त्यांच्यावर टाळ्याही पडल्या असत्या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "वाळू त्याच्या मायनं वाहिली वं. त्यानं नाई. तो मायले विसरला असन, तर तूबी काहून विसरून राहिली?" आणि मग, "त्यानं खुर्च्याच्या दोन रांगा केल्या. तू मान्साच्या केल्या. छापाच्या आन् न छापाच्या."

आई हळूच म्हणाली, "फोनमधली परवडली, ही त्याहून प्रीमियम निघाली."

मी लॅपटॉप उघडून ती ओळ घातली, शिंप्यानंतर, चुनाभट्टीच्या आधी.  बाबा म्हणाले, आता परत. मी बाईला लावलं. तिनं मला सांगितलं की आजचा अर्धा तास संपला आहे, उद्या भेटू, किंवा आत्ताच प्रीमियम व्हा. आणि मजकूर दुपारी छपाईला द्यायचा होता.

प्रीमियम होतंच. 'हुशार वाचन' बंद केलं असतं तर 'ऊर्जा'नं सदतीसही नावं वाचली असती. मी तसं म्हटलंही. बाबा म्हणाले, "तू वाच. पण मास्तरसारखी."

मग मी वाचलं. पहिल्या परिच्छेदात माझा आवाज दोनदा चढला, दोन्ही वेळा बाबांनी नुसतं बोट वर केलं आणि मी खाली उतरले. आपलंच वाक्य आपल्याच तोंडून, चव न घेता, चिन्हांसकट वाचणं किती कठीण आहे ते मी सांगू शकत नाही. माझं जे सर्वात लाडकं वाक्य होतं, ज्यासाठी मी खिडकी लावून घेतली होती, त्यात मला तिसऱ्या ओळीत एक चूक सापडली. एकच गोष्ट मी दोनदा सांगितली होती. पाच वेळा ऐकून ती मला कळली नव्हती. मग नावं. एक नाव, स्वल्पविराम. शिंपी, स्वल्पविराम. मग ते नाव. मी ते इतर नावांसारखंच वाचलं, ना कमी ना जास्त, आणि स्वल्पविराम म्हटलं. बाबांचा अंगठा सरकला. सदतिसावं नाव, पूर्णविराम. वाचून झाल्यावर फेकू नका, स्वल्पविराम, शेजाऱ्याला द्या, पूर्णविराम.

"छापा," बाबा म्हणाले.

रविवारी सभेत मी दारापाशी उभी राहून पत्रकं वाटली. पिवळट कागद, स्टेजवरही तोच. अध्यक्षांच्या हातात मी स्वतः दिलं. त्यांनी माझा मजकूर वाचला नाही, निदान मला तरी तसं वाटलं. लोक नेहमी करतात तसं त्यांनी पत्रक उलटं केलं, मागची यादी पाहिली आणि त्यांचं बोट ओळींवरून खाली यायला लागलं. एका जागी थांबलं. बराच वेळ थांबलं. त्यांनी मला विचारलं की ही यादी कोणी दिली. मी म्हटलं, बाबांनी. 

सभेत काय घडलं याचं इतिवृत्त समितीनं लिहिलंय, सुरेख अक्षरात. त्यात लिहिलंय की आसनव्यवस्थेचा विषय "पुढील विचारासाठी तहकूब" झाला. रद्द नाही, तहकूब. समितीच्या भाषेत कुठलाही विषय मरत नाही, त्याची चाचणी मुदत फक्त वाढते. काचा आणून ठेवल्या होत्या, त्या अजून भिंतीला टेकून उभ्या आहेत. मुली त्यांच्यावर चालू घडामोडींचे कागद चिकटवतात. थंड पाण्याचं यंत्र आलं होतं ते हॉलमध्ये लागलं, सगळ्यांसाठी. पॅनेल मात्र कोणी काढलेलं नाही, दगड अजून त्याच्या मागेच आहे. त्याचं पत्रक मी लिहायला घेतलंय. दादानं भरलेलं प्रीमियमचं वर्ष अजून संपायचंय, म्हणून रोज सकाळी माझा फोन मला "प्रिय प्रीमियम सदस्य" म्हणतो. मी उत्तर देत नाही.

त्या दिवशी सभा सुटल्यावर विहाराच्या मैदानभर पिवळे कागद हातोहात फिरत होते. वाचलेला माणूस शेजाऱ्याला देत होता, तळाशी लिहिलंय तसं. एका माणसानं दिलं नाही. अध्यक्षांनी आपल्या प्रतीची चौघडी घातली, ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवूनच ते घरी गेले. पत्रकावरची ती ओळ न पाळणाऱ्या माणसाचा मला राग आला नाही, असं आजवर एकदाच झालंय.